फाटकाची घंटा

कुरिअरच्या ज्या ऑफिसात घरातली धाकटी सून फोन घ्यायची ते बंद पडलं आणि तिच्या इंटरव्ह्यूंचा फेरा सुरू झाला. विमा कंपनी झाली, दातांचा दवाखाना झाला, मोटारींचं शोरूम झालं. सगळीकडे एकच गत. कागदपत्रं बघेपर्यंत ठीक चालायचं. "तुमच्याबद्दल सांगा," असं कोणी म्हटलं की तिच्या तोंडाला कुलूप.

"घरात हिची टकळी थांबत नाही," सासूबाई म्हणायच्या, "आणि तिथे गेली की मूग गिळून बसते. अगं, आम्हाला ऐकवतेस त्यातलं निम्मं तिथे बोललीस तरी साहेब करतील तुला."

धाकटी हसायची, पण रात्री उशीला तोंड लावून पडली की तिला ते टेबलापलीकडचे चेहरे दिसायचे.

अशात अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमची जाहिरात आली. फोन घेणारी माणसं हवी होती. धाकटीच्या नवऱ्याने मोबाइल तिच्यापुढे धरला, तिने वाचलं, आणि दोघांनी एकदमच मान वळवून पुढच्या खोलीकडे पाहिलं. तिथे मोठी शिवणाच्या मशीनवर बसली होती.

मोठी म्हणजे धाकटीची जाऊ. थोरले दीर जहाजावर नोकरीला, वर्षातून थोडेच दिवस घरी. मोठीने याच कंट्रोल रूममध्ये कितीतरी वर्षं फोन घेतले होते. मग एके दिवशी राजीनामा देऊन आली, पुढच्या खोलीत मशीन टाकलं आणि पडदे नि शाळेचे गणवेश शिवायला लागली. का सोडलं, असं कोणी विचारलं की तिचं मशीन जोरात चालू व्हायचं. हळूहळू घरानेच विचारणं सोडून दिलं.

तिने जाहिरात वाचली. ओठांत टाचण्या तशाच धरून म्हणाली, "अर्ज भर. तयारी मी करून घेते."

आणि खरंच करून घेतली. रोज दुपारी जेवणं झाली की ती धाकटीला खिडकीकडे तोंड करून बसवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जायची. का, तर फोनवर समोरचं माणूस दिसत नाही. सवय कानाला व्हायला हवी, डोळ्यांना नाही.

"पहिलं काय विचारशील?" आतून आवाज यायचा.

"काय झालंय?"

"चूक. पहिला पत्ता. लाइन तुटली तर नुसता आजार घेऊन काय करशील? पत्ता असला तर गाडी तरी निघते."

"बरं. पत्ता."

"आणि 'घाबरू नका' म्हणायचं नाही."

"का?"

"असं म्हटलं की माणसाला आठवण होते, अरे, आपण घाबरायला हवं. काम सांग त्याला. दार उघडा, दिवा लावा, उशी काढा. हात कामाला लागले की डोकं जागेवर येतं. आणि त्याचा आवाज चढला की तुझा उतरव. दोघं चढलात तर गाडी कोणी पाठवायची?"

एकटीच्या आवाजाने सराव होईना म्हणून मोठीने सासूबाईंना फोन करणारी बाई केलं. सासूबाईंना काय, हेच हवं होतं. त्यांनी दाराच्या चौकटीला धरून असा काही टाहो फोडला, की शेजारची बाई गॅलरीत आली.

"अहो, धावा हो! आमचे हे पडले हो!"

"मी कशाला पडू?" पेपरामागून सासरे म्हणाले. "तूच पड की."

"बाई, पत्ता सांगा," धाकटी हसू दाबत म्हणाली.

"पत्ता कसला विचारतेस? माणूस चाललाय इथे!"

"श्वास चालू आहे का त्यांचा?"

"चालू आहे," सासऱ्यांनी पान उलटलं. "चहा मिळाला तर वाढेलसुद्धा."

सगळे हसले. मोठी हसली नाही. "पुन्हा," ती म्हणाली. "पत्ता अजून मिळालेला नाही."

इंटरव्ह्यूतल्या प्रश्नांचीही तिने अशीच उजळणी घेतली. "'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की जन्मापासून सुरुवात करायची नाही. एक घडलेली गोष्ट सांगायची. खरी. कुरिअरमध्ये कधी कोणी तुझ्यावर ओरडलं असेल?"

"रोजच."

"त्यातलं एक सांग. तो काय म्हणाला, तू काय केलंस, शेवटी काय झालं. बास. खरी गोष्ट सांगताना जीभ अडखळत नाही."

आणि नवल म्हणजे धाकटीची जीभ सुटायला लागली. एका माणसाचं औषधाचं पार्सल हरवलं होतं, तो फोनवर शिव्या देत होता, आणि तिने एकेका गाडीवाल्याला फोन करून ते शोधून काढलं होतं. ती गोष्ट तिने मोठीला इतक्यांदा सांगितली की शेवटी सासरेसुद्धा पेपरामागून पुढचं वाक्य सांगायला लागले.

इंटरव्ह्यू जवळ आला तशी एक दुपार अशी आली, की घरात दोघीच होत्या. सासू-सासरे कुठल्याशा लग्नाला गेले होते. धाकटीने सहज विचारलं, "ताई, आणि फोन घेताना आपलीच चूक झाली तर?"

मोठी गणवेशाची बटणं लावत होती. धाकटीला वाटलं, आता मशीन चालू होणार. पण मोठीने दोरा तोडला आणि सुई टाचण्यांच्या उशीत खोचली.

"तू तिथे बसणार असशील तर तुला माहीत असायला हवं. पण हे मी तुझ्या दिरांनाही सांगितलेलं नाही."

मग तिने सांगितलं. शहरात लाकडाच्या दोन वखारी. जुनी बाजारामागे, नवी रेल्वे फाटकापलीकडे. एका बाईचा फोन आला होता, नवऱ्याच्या छातीत कळ येतेय म्हणून. "वखारीमागे, पिवळी इमारत," ती म्हणाली. मोठीने विचारलं, "जुनी वखार ना?" बाई म्हणाली, "हो, हो, लवकर या." गाडी जुन्या वखारीमागे गेली. पिवळी इमारत तिथेही होती. गाडीवाले जिने चढले, उतरले, दारं वाजवत फिरले. बाई होती नव्या वखारीमागे. तिने पुन्हा फोन केला तेव्हा उशीर झाला होता.

"चौकशी झाली. पत्ता विचारला होता, बाईंनी हो म्हटलं होतं. माझ्यावर ठपका आला नाही."

"मग तुमची चूक कुठे झाली?"

"मी विचारलं कुठे? मी तिच्या तोंडात उत्तर घातलं. 'कुठली वखार?' असं विचारायला हवं होतं. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं." तिने बटणांचा डबा उगाचच बंद केला, पुन्हा उघडला. "आणि तिच्या मागे फाटकाची घंटा वाजत होती. आगगाडी यायच्या वेळी फाटक पडताना वाजते ती. जुन्या वखारीपाशी कुठलं आलंय फाटक? माझ्या कानावर आली. आली, आणि मी म्हटलं, बाई हो म्हणालीय ना, मग झालं. दुसरे फोन वाजत होते. सोडून दिलं."

"हे चौकशीत...?"

"कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही." तिने वर पाहिलं. "कोणाजवळ बोलू नकोस."

"नाही हो ताई. माझ्या तोंडून कधीच नाही," धाकटी म्हणाली. तेव्हा ती मनापासूनच म्हणाली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी तिने मोठीने शिवून दिलेला निळा ड्रेस घातला. कंट्रोल रूमच्या इमारतीत लांबलचक व्हरांडा होता आणि भिंतीला लागून खुर्च्या. एक मुलगी फाइल छातीशी धरून बसली होती, एक चष्मेवाला तरुण ओठ हलवत काहीतरी पाठ म्हणत होता. आत गेलेलं प्रत्येक माणूस बाहेर येताना घाम पुसत यायचं. एकाने जाता जाता सांगितलं, "जागा मूठभर आहेत म्हणे. एकेकाला सोलून काढतायत."

तेवढ्यात तिला हाक आली.

टेबलामागे तिघं होते. मधे प्रमुखबाई, केस पांढरे, हातात पेन. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला नव्या माणसांना शिकवणारे सर.

"तुमच्याबद्दल सांगा," प्रमुखबाई म्हणाल्या.

धाकटीने औषधाच्या पार्सलची गोष्ट सांगितली. कुठेही अडखळली नाही. डॉक्टर मधे एकदा हसलेसुद्धा. मग सर पाठमोरे बसून खोटा फोन करणारे झाले, घसा खरवडून ओरडले, आणि तिने आवाज उतरवून आधी पत्ता घेतला, मग त्यांना दार उघडायला लावलं. प्रमुखबाईंचं पेन कागदावर चालत होतं. धाकटीला ते चालतं पेन बघून इतकं बरं वाटलं, जणू इतक्या वर्षांत कोणी पाठीवर हात ठेवला नव्हता तो आज ठेवला.

"आता एक खरा कॉल ऐकवतो," सर म्हणाले. "जुना आहे. नावं काढलेली आहेत. फोन घेणारीचं कुठे चुकलं, ते सांगायचं."

त्यांनी बटण दाबलं. "बोला, अँब्युलन्स," असा आवाज आला आणि धाकटीची मान झटकन वर झाली. आवाज तरुण होता, झपझप बोलणारा, पण मोठीचाच होता. स्वयंपाकघरातून रोज दुपारी येणारा. मग ती रडणारी बाई. वखारीमागे. पिवळी इमारत. जुनी वखार ना? हो, हो, लवकर या.

आवाज थांबला.

"काय चुकलं?"

"त्यांनी... फोन घेणारीने पत्ता विचारला नाही," धाकटी म्हणाली. "स्वतःच सांगितला, आणि बाईंकडून हो म्हणवून घेतलं."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "हे मघाशी एकाने सांगितलं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रमुखबाईंचं पेन थांबलं होतं. "आणखी काही?"

इथे तिला 'नाही' म्हणता आलं असतं. नाही, एवढंच, असं म्हणून ती उठली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. पुढे कितीतरी दिवस तिने ती जागा मनात पुन्हा पुन्हा उभी केली आणि दर वेळी तिथे 'नाही' म्हणून पाहिलं. पण त्या घडीला तिला बाहेरच्या खुर्च्या दिसत होत्या, फाइलवाली मुलगी दिसत होती, आणि ते थांबलेलं पेन.

"मागे घंटा वाजतेय," ती म्हणाली. "रेल्वे फाटकाची. जुन्या वखारीपाशी फाटक नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी आवाज वाढवून कॉल पुन्हा लावला. रडण्याच्या पलीकडे, लांबून, खरंच टणटण टणटण चाललेलं होतं. धाकटीनेही ते आत्ताच ऐकलं. पहिल्या वेळी तिला मोठीच्या आवाजाखेरीज काही ऐकूच आलं नव्हतं.

प्रमुखबाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं हा कॉल शिकवायला वापरतोय आपण."

"म्हणजे फोन घेणारीला ऐकू आली असणार," डॉक्टर म्हणाले.

"हेडफोनमध्ये? चांगली ऐकू आली असणार." सर धाकटीकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं? मग तिने काही केलं का नसेल?"

आणि धाकटी म्हणाली, "बाई हो म्हणालीय ना, मग झालं, असं वाटलं असेल. दुसरे फोन वाजत असतील. सोडून दिलं असेल."

मोठीचेच शब्द, जसेच्या तसे. पेन भराभर चालायला लागलं.

निवड झालेल्यांत तिचं नाव पहिलं होतं. फोन आला तेव्हा नवऱ्याने तिला उचलूनच घेतलं, सासूबाईंनी शेजारच्या बाईला गॅलरीतून ओरडून सांगितलं, आणि सासरे म्हणाले, "आता मी खरंच पडलो तरी चिंता नाही." मोठीने तिच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "काय काय विचारलं गं?"

"तुम्ही घेतलं होतंत तेच सगळं," धाकटी म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. तहान लागली नव्हती. दोन पेले प्यायली.

प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवसांत शहराचे नकाशे, गाड्यांचे थांबे, हेडफोन कसा लावायचा. मग एका सकाळी सरांनी तो कॉल लावला. ऐकवून झाल्यावर म्हणाले, "यात एक गोष्ट आहे जी इतक्या वर्षांत आम्हा कोणाला कळली नाही. आपल्यातल्याच एका बाईंच्या कानाने ती पकडली." त्यांनी धाकटीला उभं केलं, घंटेचं सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे त्या फोनवाल्या बाईला ऐकू येऊनही तिने गाडी वळवली नाही?" व्हरांड्यातला तो चष्मेवाला तरुण म्हणाला. त्याचीही निवड झाली होती. "असल्या माणसाला घरी बसवायला पाहिजे."

"ती स्वतःच बसली," सर म्हणाले. दोघं-तिघं हसले.

धाकटी उभीच होती. बसायचं तिच्या लक्षात आलं नाही. शेजारणीने ओढून बसवलं.

त्या संध्याकाळी मोठीने रोजच्यासारखं विचारलं, "आज काय शिकवलं?" हा आता तिचा नेम झाला होता. मशीन बंद करून, चहाचा कप घेऊन ती धाकटीसमोर बसायची आणि बारीकसारीक विचारायची. थांबे तेच आहेत का, हेडफोन अजून कानाला टोचतात का, प्रमुखबाई अजून पेन चावतात का. किती वर्षांनी तिच्या डोळ्यांत अशी चमक आली होती. सासूबाई एकदा हळूच म्हणाल्यासुद्धा, "नोकरी तुला लागली आणि टवटवीत झाली ती. बरं झालं बाई."

"आज... नकाशेच," धाकटी म्हणाली.

नकाशे पुढेही बरेच दिवस चालले. धाकटी घरी यायला उशीर करायला लागली. बस आली तरी चढायची नाही, पुढची येऊ दे म्हणायची. जेवताना मोठीने काही वाढलं की नको म्हणायची. नवरा एकदा चिडून म्हणाला, "तुला नोकरी लागलीय की शिक्षा झालीय?" तिला वाटलं, याला तरी सांगावं. पण त्याला सांगणं म्हणजे तेच पुन्हा करणं. तोंड मिटून बसली. आधी मूग गिळायचे तिथे बोलली होती, आणि आता बोलायचं तिथे मूग गिळत होती.

सुटीच्या दिवशी सकाळी मोठीने जमिनीवर पडद्याचं मोठं कापड अंथरलं. "दुसरं टोक धर गं," म्हणाली. धाकटी गुडघ्यांवर बसली, कापड ताणून धरलं. मोठी कात्री चालवत तिच्या दिशेने सरकत येत होती.

"ताई, मी घंटेचं सांगितलं."

कात्री दोन बोटं पुढे गेली आणि थांबली. "कोणाला?"

"इंटरव्ह्यूत. त्यांनी तुमचाच कॉल लावला. चूक काय विचारली. मी पहिलं सांगितलं, पण ते दुसऱ्या कोणीतरी आधीच सांगितलं होतं, म्हणून मग..." तिने कापडाचं टोक मुठीत आवळलं. "नाव घेतलं नाही मी तुमचं."

"आवाज माझाच होता ना?"

"हो."

"मग नाव कशाला लागतंय."

धाकटी रडायला लागली. मोठीने तिच्याकडे पाहिलं नाही. कात्रीवरच नजर ठेवून तिने विचारलं, "ऐकू येते? रेकॉर्डवर?"

"काय?"

"घंटा. खरंच ऐकू येते?"

"आवाज वाढवला की येते."

"तू ऐकलीस?"

"हो ताई. सगळ्यांनी ऐकली."

मोठी मागे टेकली. "मला खात्री नव्हती," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं. कधी वाटायचं ऐकली होती, कधी वाटायचं मीच नंतर मनाने घातली ती घंटा. माणूस मेल्यावर आपण काहीबाही ऐकायला लागतो. चौकशीत म्हणूनच बोलले नाही. म्हटलं, नसलेलंच सांगून बसायचे." तिने कात्री खाली ठेवली. "बरं वाटायचं ते. की नसेलही."

धाकटीच्या हातातलं कापड सैल पडलं.

"होती तर," मोठी म्हणाली.

"मी सोडते ती नोकरी. उद्याच सांगते जाऊन."

"काही गरज नाही." मोठीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एकीने सोडून काय झालं? मेला तो उठून बसला? धर ते नीट, सुटतंय बघ." आणि तिने उरलेलं कापड सरळ रेषेत कापून काढलं.

तरीही धाकटी दुसऱ्या दिवशी प्रमुखबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. घंटा तिला ऐकू आली नव्हती, ती तिला सांगितलेली होती, आणि कोणी सांगितली होती तेही. प्रमुखबाईंनी पेन तोंडातून काढलं.

"ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची," त्या म्हणाल्या. "तिने वेळेवर पोचवलेल्या गाड्यांचे कॉल आम्ही कोणाला ऐकवत नाही. तो एक ऐकवतो." मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुम्ही पहिल्या आलात ते घंटेमुळे, हे खरं आहे."

"म्हणून तर सांगायला आले. ती जागा माझी नाही."

"ऐका. घंटेचे गुण काढले तरी तुम्ही निवडीत बसता. पहिल्या नसता आलात, चौथ्या-पाचव्या आला असता. त्या खोट्या फोनवर तुम्ही जसं बोललात, तसं फार थोड्यांना जमलं."

धाकटीला आधी कळेना. "म्हणजे... मी नसतं सांगितलं तरी..."

"तरी नोकरी होतीच."

ती व्हरांड्यात आली आणि भिंतीशी असलेल्या एका खुर्चीत बसली. नाइलाज होता, असं ती आजवर स्वतःला सांगत आली होती. घर चालवायचंय, जागा मूठभर आहेत, नाइलाज. तेवढा एक आडोसा होता, तोही गेला. ज्यासाठी तिने मोठीचं गुपित फोडलं होतं, ते तिला मोठीच्या शिकवण्याने आधीच मिळालेलं होतं.

प्रमुखबाई सरांशी काय बोलल्या कोण जाणे, पण वर्गात त्या टाळ्या पुन्हा झाल्या नाहीत. कॉल मात्र राहिला. पुढे कधीतरी चहाच्या वेळी चष्मेवाल्या तरुणाने पुन्हा तो विषय काढला. "ती वखारवाली बाई," असं म्हणाला. धाकटीला वाटलं, उठून सगळं सांगावं, की तुम्हाला कळलं ते तिनेच कबूल केलं म्हणून कळलं. पण ते सांगायचा हक्क मोठीचा होता, आणि तो एकदा आपण उचलून नेलाच आहे, हे तिला आठवलं. ती एवढंच म्हणाली, "त्या बाईंना मी ओळखते. फोन घ्यायला मी त्यांच्याकडूनच शिकले." तरुणाचा कप हातातच राहिला. पुन्हा तो त्या विषयावर बोलला नाही.

घरात वरवर सगळं होतं तसंच होतं. मोठी अबोला धरणाऱ्यातली नव्हती. मीठ दे, दार लाव, तुझा निळा ड्रेस उसवलाय तो काढून ठेव, टाका घालते, असं सगळं बोलायची. टाका घालूनही दिला. फक्त संध्याकाळी चहाचा कप घेऊन समोर बसणं बंद झालं. धाकटी घरात शिरली की मशीन चालू असायचं, आणि चालूच राहायचं. "आज काय झालं?" असं तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

सासूबाईंच्या ते ध्यानात आलं. "दोघींचं काही बिनसलंय का?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"माझं चुकलंय, आई."

"मग माफी माग."

"मागितली."

"मग?"

धाकटी ताटं उचलायला लागली. सासूबाईंनीही मग ओढून काढलं नाही. "होईल हळूहळू," म्हणाल्या, पण खात्रीने नाही.

धाकटी कामात मुरत गेली. तिच्या खुर्चीवरून गाड्या सुटत होत्या, वेळेवर पोचत होत्या. एक दिवस दुपारच्या पाळीत एका नवऱ्याचा फोन आला. बायको बाळंतपणात अडलेली, गाडी पुलावरच्या गर्दीत अडकलेली. धाकटीने त्याला हात धुवायला लावले, स्वच्छ टॉवेल आणायला लावले, एकेक पायरी सांगत गेली, आणि गाडी दारात पोचायच्या आत तिच्या कानात एक नवंकोरं रडणं घुमलं. तो नवराही रडत होता. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. प्रमुखबाई उठून आल्या आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवून गेल्या.

बसमधून घरी येताना तिला कोणाला तरी सांगायचं होतं. कोणाला, हेही तिला माहीत होतं. हे सगळ्या घरात एकाच माणसाला नीट समजलं असतं. कुठल्या क्षणी घसा कोरडा पडतो, कुठे गप्प राहायचं असतं, त्या पहिल्या रडण्याच्या आधीची शांतता किती लांबते.

जेवायच्या वेळी तिने सासूबाईंना सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. सासूबाई 'अगं बाई' म्हणत ऐकत होत्या, सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला होता, नवरा घास घ्यायचा विसरला होता. मोठी स्वयंपाकघरात पाठमोरी भांडी घासत होती. नळाचा आवाज मोठा होता. धाकटी टॉवेलपर्यंत आली तेव्हा तो आवाज कमी झाला. मोठीने नळ बारीक केला होता.

धाकटी सांगत राहिली, थोडी हळू, थोडी नीट. बाळ रडलं तिथपर्यंत आली आणि थांबली. नळ अजून बारीकच होता.

"मुलगा की मुलगी?" सासूबाईंनी विचारलं.

"मुलगी."

मग नळ पुन्हा मोठा झाला, आणि भांडी वाजायला लागली.